नकाशावरचे दोन ठिपके

वालबुर्गानं ती पाटी वाचली ती वाचायची होती म्हणून नव्हे, वाचता येत होती म्हणून. नऊ दिवसांपूर्वी तिच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता आणि तेव्हापासून तिला वाचायचा नुसता चळ लागला होता. पावाच्या पिशवीवरची बारीक अक्षरं, बसमधल्या सूचना, औषधाच्या खोक्यातलं घडीचं पत्रक, चर्चच्या दारावर डकवलेली कुणाची लग्नं नि कुणाची मरणं, दिसेल ते वाचायचं. चौदाव्या वर्षी शाळा सुटली त्यानंतर एवढं ती कधी वाचत बसली नव्हती. आज डॉक्टरांनी शेवटचं तपासून ‘आता घारीची नजर झाली तुमची’ म्हणून मोकळं केलं, आणि घारीला काही बसमध्ये बसवेना. घराच्या चार थांबे अलीकडेच ती उतरली आणि पायी निघाली. ऑक्टोबरचं ऊन, फुटपाथवर लिंडनची पिवळी पानं, पानापानाची शीर वेगळी दिसतेय. घरांच्या दारांशेजारी घंट्यांच्या पाट्या, बटणं आणि बटणांपुढे नावं. होफमान. यिल्माझ. ब्राउन, त्याच्याखाली म्युलर, पुन्हा म्युलर. लोकांच्या ताटात वाकून बघावं तशी ती नावं वाचत चालली होती. ज्याच्या त्याच्या नावावरून जो तो कुठल्या मातीतला हे ताडत होती, मनातल्या मनात नाकं मुरडत होती. आणि चौदा नंबरच्या घरापाशी, आठ बटणांतल्या वरून तिसऱ्या बटणापुढे, निळ्या शाईनं हातानं लिहिलेलं तिचं स्वतःचं नाव होतं. पोगेनश्ट्रोट.

पहिल्यांदा तिचा हात गेला तो पिशवीकडे. खिसा कापला गेल्यासारखा. पिशवीत पाकीट होतं, किल्ल्या होत्या, डोळ्यात घालायचे थेंब होते. सगळं जागच्या जागी होतं आणि तरी काहीतरी तिच्याकडचं तिकडे गेलेलं होतं. तिनं उजवा डोळा मिटला, कारण त्याच्यावर अजून जाळं होतं, आणि नव्या डोळ्यानं एकेक रोमन अक्षर बोट ठेवून मोजलं. बारा. बाराच्या बारा. दोन ग, दोन ओ. कुणी चुकून लिहिलेलं नव्हतं. या नावात चूक करायला सगळा देश टपलेला असतो. विम्याच्या कचेरीपासून पाद्र्यापर्यंत कुणालाही ते पहिल्या फटक्यात लिहिता येत नाही. इथं ज्यानं लिहिलं होतं त्याचा हात बसलेला होता.

हे नाव दुसऱ्या कुणाचं असू शकत नव्हतं. इकडे फोन वाजला की लोक आधी आपलं आडनाव सांगतात, मग बोलतात. वालबुर्गाही गेली तेरा वर्षं दोन खोल्यांच्या घरात फोन उचलून ‘पोगेनश्ट्रोट’ म्हणायची, आणि ठेवताना दर वेळी तिला वाटायचं, हे नाव आता जगात फक्त माझ्या तोंडात राहायला आलंय. भाडेकरूच जणू. मी गेले की त्याला घर नाही. पूर्वी असं नव्हतं. नवरा आंटोन होता तेव्हा गावच्या फोनच्या यादीत पोगेनश्ट्रोट नऊ होते आणि नऊच्या नऊ एका हाकेच्या टापूत. मग आंटोनचा भाऊ बेर्नहार्ड गेला. क्लारा आत्या मठात गेली होती ती तिथंच संपली. चुलतभाऊ कॅनडाला गेला आणि तिथल्या लोकांची जीभ वळेना म्हणून त्यानं नाव अर्ध्यावर तोडलं. वालबुर्गानं त्या दिवसापासून त्याला नाताळचं कार्ड पाठवणं बंद केलं. अर्ध्या माणसाला कसलं कार्ड? मग आंटोन. आणि मग हेनिंग, तिचा एकुलता एक, अडतिसाव्या वर्षी, मार्चमध्ये, खताची पोती उतरवता उतरवता खाली बसला तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. वालबुर्गाला त्या शब्दाचा राग आला होता. पोगेनश्ट्रोटांची हृदयं चांगली असतात, ती म्हणाली होती, प्रेत अजून घरात असताना.

ती पायऱ्यांच्या कठड्याला टेकली. हे नाव अंगावर घेऊन ती जन्मली नव्हती, ही गोष्ट ती सहसा आठवायची नाही. जन्मली ती मायर. मायर म्हणजे काय, तर पोत्यातला बटाटा. तिच्या शाळेत अकरा मायर होते. मास्तर हजेरी घेताना त्यांना आकडे देत, आणि वालबुर्गा होती मायर आठवी. ‘आठवी, फळा पूस.’ बाविसाव्या वर्षी पोगेनश्ट्रोटांच्या शेतावर ती लग्न होऊन आली तेव्हा तिला दागिना म्हणून मिळालं ते हे नाव. दुपारी सगळे लवंडले की ती गोठ्याच्या दारावर खडूनं ते लिहून बघायची, पुसायची, पुन्हा लिहायची. सासू तेरेझिया ही उंच, काठीसारखी बाई. तिनं एकदा पकडलं. वालबुर्गाला वाटलं, आता बोलणी बसणार. तेरेझिया म्हणाली, “नव्या बुटासारखं असतं ते. आधी चावतं. मग एक दिवस पायच त्याच्या आकाराचा होतो.” आणि ‘ग’ किती ते दाखवायला तिनं खडू हातात घेतला. नावाचा अर्थही तिनंच सांगितला होता : बेडकांची दलदल. शेताच्या मागे खोलगट पाणथळ होतं, वसंतात तिथं बेडूक असे काही ओरडायचे की शेजारी निजलेल्या नवऱ्याचं घोरणं ऐकू यायचं नाही. ‘तेवढा एक फायदा,’ तेरेझिया म्हणायची. पुढे सरकारी माणसं आली, त्यांनी चर खणले, नळ घातले, दलदल कोरडी केली, मका लावला. बेडूक गेले. नाव राहिलं. हेनिंग शाळेतून रडत आला होता, पोरं त्याच्यामागे डराव डराव करतात म्हणून. वालबुर्गानं त्याचं नाक पुसलं नव्हतं, आधी हनुवटी वर केली होती. “त्यांना सांग, तुमच्यासारखे मायर-म्युलर पोत्यानं मिळतात. पोगेनश्ट्रोट मागवावा लागतो.” सात वर्षांचं पोर ते वाक्य पाठ करत झोपलं होतं. त्याच्या पापणीवर मीठ वाळलं होतं. त्या मिठाची चव आत्ता, चौदा नंबरच्या पायरीवर, तिच्या जिभेवर आली. म्हणजे तेव्हा तिनं पापणीचा पापा घेतला असला पाहिजे. ते ती विसरून गेली होती. हनुवटी तेवढी लक्षात होती.

दार आतून उघडलं आणि एक म्हातारा प्लास्टिकच्या कचऱ्याची पिवळी पिशवी घेऊन बाहेर आला. घरातले जोडे, घरातली बंडी, आणि इमारत आपल्याच जिवावर उभी आहे असा चेहरा.

“कुणाकडे?” तो म्हणाला.

“कुणाकडे नाही. दम खातेय. पायरीला भाडं पडतं का?”

“पडत नाही. पण पाटीवर बोट ठेवून दम खाणारी पहिलीच बाई बघितली.” त्यानं मान लांब करून बोट कुठे आहे ते पाहिलं. “ओहो! बेडकांकडे!”

“कोण बेडूक?”

“आमचे हो. तिसऱ्या मजल्यावरचे. मुलगीच सांगते सगळ्यांना, आम्ही बेडूक म्हणून. तुम्ही नातेवाईक की काय?”

वालबुर्गानं उत्तर दिलं नाही. उत्तर न देता समोरच्याला बोलतं ठेवायचं हे तिला साठ वर्षं जमत होतं.

“नाही, त्यांच्याकडे म्हातारं माणूस कधी येत नाही, म्हणून विचारलं,” म्हातारा म्हणाला. “ती बाई सायकली दुरुस्त करते. हाताला ग्रीस, पण माणूस सोन्याचं. आणि नवरा, त्याची तर गंमतच! हा या घरात राहायला आला तेव्हा म्युलर होता. मी त्याला म्हटलं, बाबा रे, या इमारतीत आधीच दोन म्युलर आहेत, तुझी पत्रं तुला या जन्मी मिळायची नाहीत. तर लग्न झालं आणि यानं बायकोचं नाव लावलं. बायकोचं म्हणजे तिच्या बापाचंही नाही हं! तिच्या आधीच्या नवऱ्याचं. मेलेल्या नवऱ्याचं! आता बोला. मी म्हटलं, अरे, तुला लाज नाही, दुसऱ्याची टोपी घालतोस? तर मला काय म्हणतो, काल्टहोफसाहेब, म्युलर एक कमी झाला तर देशाला पत्ता लागणार नाही, पण यांच्यातला एक जरी कमी झाला तरी भोक पडेल.” काल्टहोफनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “वेडा आहे झालं. पण जिना झाडायची त्याची पाळी कधी चुकत नाही.”

“बोलून झालं असेल तर कचरा टाकून या,” वालबुर्गा म्हणाली. “वास सुटलाय.”

“प्लास्टिकला वास नसतो, आजीबाई.”

“मग तो तुमचा असेल.”

म्हातारा खूश होऊन हसत हसत कोपऱ्याकडे गेला. जाताना दार ओढून घ्यायला विसरला नाही. दाराचा खटका बसला तो तिला छातीत ऐकू आला.

रिकार्डा. दुसरं कोण असणार? पाटी पाहिली त्याच क्षणी तिला कळलं होतं, फक्त कळलेलं आत यायला दारच नव्हतं. शहरातली मुलगी, अर्ध्या बोटांचे हातमोजे घालून सायकलींची चाकं फिरवणारी. हेनिंगनं तिला शेतावर आणली तेव्हा वालबुर्गानं आधी तिची नखं पाहिली. सात वर्षं एका छपराखाली राहिल्या. मूल झालं नाही. वालबुर्गा त्यावर कधी एक शब्द बोलली नाही, आणि ते न बोलणं कसं बोलायचं हे तिला फार चांगलं ठाऊक होतं. हेनिंग गेल्यावर सहा आठवड्यांची प्रार्थना झाली, रीतीप्रमाणे लोक घरी आले, कॉफी झाली, साखरेचा खरपूस केक झाला. आणि ताटल्या गोळा करता करता रिकार्डा म्हणाली, “आई, मी शहरात परत जाते. इथं मला श्वास घेता येत नाही.” बायका बसलेल्या होत्या. शेजारची होती, पाद्र्याची स्वयंपाकीण होती. वालबुर्गानं हातातला चमचा बशीत ठेवला. तो ठेवल्याचा आवाज तिला आजही काढून दाखवता आला असता. “जा की,” ती म्हणाली होती. “पण जाताना आमचं नाव खुंटीला टांगून जा. ते तुझ्या बापाचं नाही.” रिकार्डा पांढरी पडली. मग अगदी हळू, जवळजवळ मायेनं म्हणाली, “ते मला हेनिंगनं दिलंय, आई. तुम्ही नाही.” आणि ताटल्या घेऊन आत गेली, धुतल्या, पुसल्या, फडताळात लावल्या आणि मग गेली. त्या ताटल्या पुढे कितीतरी दिवस वालबुर्गानं वापरल्या नाहीत. राग म्हणून, असं ती स्वतःला सांगायची. त्या ज्या क्रमानं लावल्या होत्या तो क्रम तिला मोडवत नव्हता. वर्षभरात शेत विकलं. विकत घेणारा डुकरं पाळणारा, कुठला कोण, पण गावाची जुनी खोड, त्या वास्तूत राहील त्याला वास्तूच्या नावानं हाक मारायची. लोक त्यालाही पोगेनश्ट्रोट म्हणू लागले. वालबुर्गानं पाद्र्याकडे तक्रार केली. पाद्री म्हणाला, “नाव जमिनीला चिकटलेलं असतं, वालबुर्गा.” ती म्हणाली, “मग खणून काढा.”

आणि दरवर्षी एक नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, ती बसनं गावी जायची. कबरीवर दिवा लावायला. दरवर्षी तिच्या आधी कुणीतरी येऊन गेलेलं असायचं. हेनिंगच्या दगडापाशी जांभळ्या फुलांचं झुडूप, माती नीट दाबलेली, लाल काचेतला दिवा. तिनं ठरवून टाकलं होतं की हे दफनभूमीच्या माळ्याचं काम. माळ्याला ती एकदा म्हणालीसुद्धा, “छान ठेवता हो तुम्ही,” आणि माळी गोंधळून बघत राहिला तेव्हा तिनं झटकन हवापाण्याची गोष्ट काढली होती. दिव्याच्या काचेवर एकदा तिला बोटाचा काळपट ठसा दिसला होता. ग्रीसचा. तिनं रुमालानं काच पुसली. पुसता पुसता मध्येच थांबली आणि अर्धा ठसा तसाच ठेवून आली. त्याबद्दल ती पुन्हा कधी विचार करणार नव्हती, आणि केला नव्हता.

एक सायकल घंटी वाजवत गेली. वालबुर्गा दचकली, सरळ झाली, पुन्हा पाटीसमोर उभी राहिली. जावं. घर चार थांब्यांवर आहे, बटाटे सोलून ठेवलेत. इतकी वर्षं ही बाई चार थांब्यांवर होती! एकाच बाजारात जात असेल. बुधवारी की शनिवारी? जाळं धरलेल्या डोळ्यांसमोरून ती कितीदा गेली असेल. तिनं पाहिलं असेल. पाहून चाकं ढकलत पुढे गेली असेल. तिचं तरी काय चुकलं? वालबुर्गाला एकाएकी टेनहागेनमास्तर आठवला आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

टेनहागेन गावचा निवृत्त मास्तर. गावचा इतिहास गोळा करणाऱ्या मंडळाचा तो चिटणीस. चिटणीसही तोच आणि मंडळही बहुतेक तोच. गेल्या मार्चमध्ये तो कागदांची पिशवी घेऊन तिच्याकडे आला होता. गावातल्या आडनावांवर लिहितोय म्हणाला. तिनं केक केला. आपल्या नावावर कुणी लिहिणार म्हटल्यावर दुपारपासून ती चांगला झगा घालून बसली होती. त्यानं आधी नकाशे काढले. पहिल्या नकाशात सगळा देश कोरा आणि वरच्या बाजूला एका जागी नऊ ठिपके, माशीनं केल्यासारखे, एकाला एक चिकटून. “हे तुमचे पोगेनश्ट्रोट, तीस वर्षांमागचे. आठ कोटी माणसांत नऊ घरं! मी एवढं दुर्मीळ नाव पाहिलं नाही.” वालबुर्गानं त्याला केकचा दुसरा तुकडा वाढला. “आणि हा आजचा.” दुसऱ्या नकाशात गाव कोरं होतं. शहरावर दोन ठिपके होते.

“एक मी,” ती म्हणाली.

“आणि हा दुसरा?”

“ती माशी. पुसून टाका.”

“यादीत आहे, बाई. त्याच शहरात. दोन घरं.”

“तुमच्या यंत्रानं मला दोनदा मोजलं. वजनामुळे असेल.”

टेनहागेन हसला, आणि मग त्यानं पिशवीतून चर्चच्या जुन्या वह्यांतून उतरवलेली पानं काढली. तिथं त्यानं घात केला. मूळ पोगेनश्ट्रोट म्हणे तीनशे वर्षांमागेच संपले. हिनरिश नावाचा शेवटचा, तापानं गेला, पोरबाळ नाही. मागे राहिली त्याची बायको एल्झेके, परगावची, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. शेत पडीक राहू नये म्हणून मालकानं तिला सांगितलं, दुसरा गडी कर. तिनं नदीपलीकडचा एक मेंढपाळ केला. योस्ट. त्याच्या बापाचं नाव लिहायचीही कुणाला गरज वाटली नव्हती. “आपल्याकडची रीतच होती,” टेनहागेन केकचे कण बोटानं टिपत म्हणाला, “जो चुलीपाशी येईल त्यानं चुलीचं नाव घ्यायचं. योस्ट झाला पोगेनश्ट्रोट. त्या दोघांना सात मुलं झाली. आजवरचे सगळे त्या सातांचे. तुमचे यजमान, त्यांचे वडील, तुमचा हेनिंग, सगळे.”

“म्हणजे काय?”

“म्हणजे मूळच्या रक्ताचा थेंब नाही. एक बाहेरून आलेली विधवा आणि एक बाहेरून आलेला गडी. मला तर फार सुंदर वाटलं.”

“माझ्या टेबलाशी बसून,” वालबुर्गा उठून म्हणाली होती, “माझा केक गिळून, तुम्ही मला सांगता की माझा नवरा कुणा मेंढक्याचा?”

“मेंढपाळ वाईट नसतात हो—”

“उठा.”

तो उठला. कागद तिथंच विसरला. उरलेला केक मात्र तिनं फडक्यात बांधून त्याच्या हातात कोंबला. बाहेर काढायचा म्हणजे काही उपाशी काढायचा नसतो. कागद तिनं सुऱ्या-चमच्यांच्या खणात, सुऱ्यांच्या खाली ठेवला. फाडला नाही. आठवड्यातून एकदा तरी सुरी काढताना त्याची कड दिसायची, आणि ती खण जरा जोरातच लोटायची.

आता तो खण मनात आपणहून उघडला. चौदा नंबरच्या पायरीवर ऊन सरकलं होतं आणि तिच्या बुटांवर आलं होतं. जुने बूट, तिच्याच पायाच्या आकाराचे झालेले. एल्झेके. ही बाई कशी दिसत असेल? सासू असेल का तिला? असेलच, शेताला सासू असतेच. मुलगा मातीत घालून सहा आठवडे झालेली सासू, काठीसारखी उंच नाहीतर वालबुर्गासारखी बुटकी, आणि सून दारातून एक मेंढपाळ आत आणते, त्याच्या अंगाला लोकरीचा वास, आणि तो तिच्या मेलेल्या पोराच्या खुर्चीवर बसून त्याचं नाव सांगतो. काय केलं असेल तिनं? ओरडली असेल. मास्तरच्या वहीत ते नाही. वहीत एवढंच आहे की सात मुलं झाली. म्हणजे ओरडून झाल्यावर कधीतरी तिनं पाळणा हलवला असणार. नाहीतर ना आंटोनचा बाप, ना आंटोन, ना बेडकांना भिऊन कुशीत शिरणारा हेनिंग. त्या कुठल्या म्हातारीनं एका दुपारी जीभ आवरली, म्हणून वालबुर्गाला गोठ्याच्या दारावर लिहायला नाव मिळालं. आणि स्वतः वालबुर्गानं काय केलं? चमचा बशीत ठेवला.

आणि तो म्युलर. पोत्यातला बटाटा. मास्तर हजेरीला त्यालाही आकडा देत असतील. त्यानं रात्री, नाहीतर दुपारी, बायको झोपलेली असताना, कागदावर ते लिहून बघितलं असेल का? दोन ग आहेत हे त्याला कुणी दाखवलं असेल? रिकार्डानं. आणि रिकार्डाला? तेव्हाच वालबुर्गाला आठवलं, लख्ख, कुणीतरी आतून पडदा ओढल्यासारखं. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात रिकार्डा स्वयंपाकघरात दुधाच्या पावतीवर सही करत होती आणि अडली होती. तेव्हा वालबुर्गानंच पिठाचे हात पुसून पेन्सिल घेतली होती. “दोन ग. आणि ओ दोन. घाई करू नकोस, लांब नाव आहे, त्याला वेळ द्यावा लागतो.” हे आपण म्हणालो होतो. हे आपणच दिलं होतं. हेनिंगनं एकट्यानं नव्हे.

तिनं बटणाकडे पाहिलं. बोलायचं काय? ‘चुकले’ हा शब्द तिनं ओठांवर घेऊन बघितला. तो नव्या कवळीसारखा हिरडीला लागला. वर ती असेल, तिनं आवाज ओळखला आणि गप्प राहिली तर? ‘खुंटीला टांगलं नाही, आई, पोरीला दिलं,’ असं म्हणाली तर? म्हणू दे. तिचा हक्क आहे. दार नाहीच उघडलं तर बटाटे सोललेले आहेत. पण मग फोन वाजेल आणि ती ‘पोगेनश्ट्रोट’ म्हणेल, आणि तिला ठाऊक असेल की चार थांब्यांवर तेच नाव कुणीतरी म्हणतंय आणि ती तिथं गेली होती आणि पायरीवर दम खाऊन परत आली. वालबुर्गाला आयुष्यात कधी स्वतःची भीती वाटली नव्हती. आत्ता वाटली, की आपण जाऊ, सरळ मानेनं, आणि मान ताठ ठेवूनच मरू. काल्टहोफ कोपऱ्यावरून परत येताना दिसला. त्याच्यासमोर तर मुळीच नाही. तिनं बटण दाबलं.

वर कुठेतरी घंटी वाजली असावी. पाटीतल्या बोलायच्या जाळीतून खरखर आली, आणि मग एक चिमुकला, खणखणीत, मोठ्या माणसाची ऐट आणलेला आवाज :

“पोगेनश्ट्रोट!”

तेरा वर्षांत ते नाव तिनं दुसऱ्याच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं. ‘श्ट्रोट’मधला ओ लांब, गावाकडचा, हेनिंग काढायचा तसा. पोरीला तो कुणी शिकवला असणार हे सांगायला मास्तर नको होता. वालबुर्गा काहीच ठरवू शकली नाही. एकसष्ट वर्षांची सवय ठरवू देते कुठे? समोरून आवाज आला की आपलं नाव सांगायचं.

“पोगेनश्ट्रोट,” ती म्हणाली.

जाळी पुन्हा खरखरली.

“ते तर मी म्हटलं,” पोरगी म्हणाली. “तुम्ही कोण?”

“मीही तीच.”

“असं नसतं. चिडवताय ना? चिडवलं तर मी घाबरत नाही हं. म्युलर-मायर पोत्यानं मिळतात, आम्ही मागवावे लागतो.”

वालबुर्गानं कठडा घट्ट धरला. नवा डोळा भरून आला होता. डॉक्टरांनी डोळा ओला करायचा नाही असं बजावलं होतं.

“नाव काय तुझं? पुढचं?”

“मेर्ले. आठ वर्षं. अनोळखी माणसांना दार उघडायचं नाही. आमच्या नावाचे सगळ्या देशात फक्त चार आहेत, त्यामुळे तुम्ही खोटं बोलताय.”

“चार? कोण कोण?”

“आई, बाबा, मी,” मेर्लेनं वेळ घेऊन मोजलं; जाळीतून बोटं दुमडल्याचंही ऐकू आलं असतं. “आणि एक आजी. ती हेनिंगची आई आहे. हेनिंग मेलाय, पण त्याचा फोटो आहे आमच्याकडे. आई म्हणते, ती आजी फार कडक आहे आणि तिची जीभ विळ्यासारखी आहे, पण मोजताना तिला सोडायचं नाही.”

वालबुर्गाला ठिपके आठवले. तिनं सांगितलं होतं, पुसून टाका. इथं तिसऱ्या मजल्यावर, ती नसताना, तिला दरवेळी बोटावर धरलेलं होतं.

मागे पायऱ्यांवर काल्टहोफ येऊन उभा राहिला होता.

“मेर्ले,” ती जाळीच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाली. “आईला सांग… आईला सांग, तिनं मला मोजलं ते बरं केलं. मी तिला मोजलं नव्हतं. चूक माझी होती.”

आत काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला, लोखंडी. दुरून एक बाई विचारत होती, “मेर्ले, कोण आहे गं? कुणाशी एवढं बोलतेस?” तो आवाज जाड झाला होता, थोडा दमलेला; पण वालबुर्गानं तो लगेच ओळखला. ताटल्या पुसताना तो असाच यायचा.

“आई!” पोरगी ओरडली, आणि जाळी त्या ओरडण्यानं थरथरली. “आई, चौथी आली!”

काल्टहोफनं खिशातून किल्ली काढली होती, ती त्यानं परत आत ठेवली. वर जिन्यात एक दार उघडलं, पावलं वाजू लागली, लहान पळती आणि त्यांच्या मागे मोठी, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबून मग पुढची घेणारी. वालबुर्गानं रुमाल काढला, डोळा नव्हे, आधी हनुवटी पुसली. आणि ती वर उचलायची सवय होती, म्हणून तिनं ती मुद्दाम जरा खाली धरली.